लॉरेलचे सव्वीस दिवस आणि वर चार

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात लॉरेल सहा महिन्यांची पोटुशी होती, तरी ओहोटीला खडकावर जायची काही थांबली नव्हती. आमच्या बेटाच्या पश्चिमेला, कड्याखाली, डल्स उगवतं. हे जांभळट समुद्री शेवाळ हाताने खुडायचं, गोट्यांवर पसरून उन्हात वाळवायचं आणि पोत्यांत भरून बोटीने पलीकडे मुख्य भूमीवर पाठवायचं, हा तिचा आणि तिच्या सासऱ्याचा उद्योग. नवरा ट्रॅव्हिस लॉब्स्टरच्या होडीवर. थोरली ओपल नुकती दोन वर्षांची झालेली. आई खडकावर असायची तेवढे दोन तास ओपल माझ्याकडे पोस्टात बसायची आणि शिक्क्याच्या शाईने स्वतःची बोटं रंगवायची.

दोन तास मी सांभाळू शकत होते, त्याहून जास्त नाही. माझ्या नवऱ्याचं उजवं अंग त्याच वर्षी लुळं पडलं होतं, आणि समोरच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत तो, अशी माझी दिवसभर ये-जा चालायची.

ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लॉरेलला समोर बसवून तारीख सांगितली. वीस नोव्हेंबर. आमच्या बेटावर तेव्हाही बाळंतपणं होत नव्हती. बायकांनी आधी पलीकडच्या सेंट जॉन शहरात जाऊन राहायचं आणि तिथल्या हॉस्पिटलात बाळंत व्हायचं, अशी रीत होती. ओपलच्या वेळी पहिल्या कळेपासून साडेतीन तासांत सगळं उरकलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "दुसरं त्याहून घाई करील. बोटीला दीड तास, पुढे रस्ता तासाभराचा, आणि वारा असला तर बोटच नाही. पंधरा दिवस आधी जायचं. यात घासाघीस नाही."

लॉरेल तिथून थेट पोस्टात आली. ओपलला कडेवर घेतलं, तिची निळी बोटं स्वतःच्या शर्टाला पुसली आणि म्हणाली, "मर्ना, मी हिला सोडून एक रात्रसुद्धा कधी राहिलेली नाही."

"मग बरोबर घेऊन जा," मी म्हणाले.

"आणि कळा आल्या की कुणाच्या हाती देऊ? तिथल्या बसवाल्याच्या?"

तिची अडचण खरी होती. तिचे आईवडील ती सतरा वर्षांची असताना कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला गेले ते तिकडचेच झाले. आई एका कामगार छावणीत स्वयंपाक करायची. तिला सुट्टी मिळणार ती थेट नाताळात. ट्रॅव्हिसचा लॉब्स्टरचा हंगाम आठ नोव्हेंबरला उघडणार होता. वर्षाचा निम्मा माल पहिल्या तीन आठवड्यांत हाती लागतो, आणि त्या दिवसांत होडी सोडून घरी बसणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. राहता राहिला सासरा, एल्डन.

एल्डन शाळेत माझ्या वर्गातला. त्या वर्षी आम्ही दोघंही अडुसष्ट वर्षांचे. माझ्या समोरच्याच घरात एकटा राहायचा, बायको रीटा जाऊन पाच वर्षं झालेली. कमी बोलायचा. स्वतःची दोन्ही मुलं झाली तेव्हा हा समुद्रावर होता आणि ती मोठी झाली तेव्हाही बहुतेक तिथेच होता. कुणाचं लंगोट बदललेलं मी तरी त्याला पाहिलं नव्हतं. ओपल झाल्यापासून सगळं घर त्याला ग्रॅम्पी, म्हणजे आजोबा, म्हणू लागलं होतं. पण ओपलला उचलायचं झालं तर तो तिला भरल्या बादलीसारखी अंगापासून लांब धरायचा.

सप्टेंबरमध्ये एके दिवशी डल्स पालथं घालता घालता तोच लॉरेलला म्हणाला, "मी ठेवतो पोरीला."

लॉरेल वाकलेली होती ती सरळ झाली. "तुम्ही, ग्रॅम्पी?"

"का? खेकडे सांभाळले, दोन कुत्री सांभाळली. हिला निदान बोलता तरी येतं."

"तिला रात्री झोपवावं लागतं. दूध गरम करून द्यावं लागतं. ती रडते."

"मला शिकव मग. अजून दोन महिने आहेत."

असं ते शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी लॉरेलने ओपलला सासऱ्याकडे दोन तास ठेवलं आणि स्वतः माझ्या स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी बसली. तिथून एल्डनचं दार दिसतं. मी दिलेला चहा तिने हातात धरून गार केला. दीड तासाने एल्डन रस्ता ओलांडून आला. कडेवर ओपल, तिला उलटं घातलेलं लंगोट, पुढची चित्रं मागे.

"काही त्रास दिला का?" लॉरेलने विचारलं.

"तिने नाही. त्या चिकटपट्ट्यांनी दिला."

मी म्हटलं, "एल्डन, जाळी विणणाऱ्या माणसाला दोन पट्ट्या लावता येईनात?"

"जाळं हातपाय झाडत नाही, मर्ना," तो म्हणाला.

हळूहळू दोन तासांचे चार झाले, चाराचा दिवस. आजोबा-नातीचं काय गुळपीठ जमलं ते आम्हाला कुणालाच नीट कळलं नाही. तो तिच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलायचा नाही. वारा कुठून येतोय, आज डल्स वाळेल की नाही, असलं काहीबाही मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगायचा, आणि ती कंबरेवर हात ठेवून ऐकायची. काकवी लावलेला पाव हे दोघांचं जेवण. लॉरेलने भाज्यांची यादी लिहून दिली होती. ती त्याने भिंतीला टाचणीने लावली आणि तिच्याकडे आदराने बघत दोघं काकवी-पाव खात.

ओपलला पोटातल्या बाळाचं सांगितलेलं होतं. तिला वाटायचं, प्रत्येकाच्या पोटात एकेक असतं. एकदा तिने एल्डनच्या पोटावर थाप मारून विचारलं, "ग्रॅम्पीचं बाळ कधी येणार?"

"हे वीस वर्षं झाली, बाहेरच पडत नाहीय," एल्डन म्हणाला. "आळशी आहे."

ऑक्टोबरच्या शेवटी ती त्याच्याकडे एक रात्र राहिली, मग लागोपाठ तीन. काही बिघडलं नाही. ट्रॅव्हिस म्हणाला, "झालं तर मग." लॉरेलही हो म्हणाली. पण त्या तीन दिवसांत तिने घरातले सगळे पडदे धुतले, जे आधीच धुतलेले होते.

जायचं ठरलं पाच नोव्हेंबर, शनिवार, साडेसातची बोट. आदल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी थोडा वाद झाला. मी तिथेच होते. ट्रॅव्हिसचं म्हणणं, पोर झोपेत असताना निघून जावं, उगाच रडारड कशाला. मलाही मनातून तेच पटत होतं. लॉरेल मान हलवत राहिली.

"मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "आईच्या पाठीचं ऑपरेशन होतं, सहा आठवडे ती पलीकडे होती. मला कुणी सांगितलं नाही. सकाळी उठले तर आई नव्हती. मावशी म्हणाली, खेळ. मी सगळी कपाटं उघडून बघितली." मग ती ट्रॅव्हिसकडे वळून म्हणाली, "रडली तर रडू दे. पण मी तिला सांगून जाणार."

सकाळी तिने ओपलला समोर बसवून सांगितलं. आई मोठ्या बोटीने जाणार. डॉक्टरांकडे राहणार. बाळ बाहेर आलं की घेऊन येणार. खूप दिवस लागतील, पण आई येणार. ओपलने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोठी बोट?" हो म्हटल्यावर तिने आणखी पाव मागितला.

मीच लॉरेलला धक्क्यावर सोडलं. गाडीत ती एकदाच बोलली. "ती रडली असती तर बरं झालं असतं," म्हणाली.

सेंट जॉनला तिच्या मावशीची एक जुनी मैत्रीण होती, मिसेस हॅलोरन. तिच्या घरातली माडीवरची खोली लॉरेलला मिळाली. हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर. हातात काही काम नाही, कडेवर कुणी नाही. पहिल्या आठवड्यात तिने दोन स्वेटर विणले, दुसऱ्यात मिसेस हॅलोरनचं तळघर आवरून दिलं. रोज संध्याकाळी सहाला एल्डनकडे फोन. ओपल फोनमध्ये नुसती श्वास घ्यायची. लॉरेल बोलत राहायची. मग एल्डन फोन घेऊन दिवसाचा अहवाल द्यायचा: काय खाल्लं, काय सांडलं, वारा कसा होता.

वीस तारीख आली आणि गेली. बाळाला कसलीच घाई नव्हती. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी ओपलने फोन कानाला लावून लगेच आजोबाला परत दिला होता. तिसऱ्या आठवड्यात ती फोनपर्यंतही येईना. एल्डन सांगायचा, "ती ठोकळे रचतेय." लॉरेल म्हणायची, "रचू दे." हे मला त्या दोघांनीही तेव्हा सांगितलं नाही. मला एवढंच दिसायचं की समोरच्या घरात पोर हसतेय, जेवतेय, वेळेवर झोपतेय. मी शेजारणीला म्हटलंही, आई गेल्याचं हिला काहीच वाटलेलं दिसत नाही, किती शहाणी पोर.

सत्तावीस तारखेला, रविवारी सकाळी, सव्वातीन तासांत मुलगा झाला. एमेट. त्या दिवशी वाऱ्यामुळे होड्या बांधलेल्याच होत्या. मोठी बोट मात्र सुटली, म्हणून ट्रॅव्हिस दुपारपर्यंत तिथे पोहोचला. मुलाला हातात घेऊन तो तासभर खुर्चीत बसून राहिला आणि सोमवारी पहिल्या बोटीने परत येऊन पुन्हा होडीवर चढला.

एक डिसेंबरला, गुरुवारी, लॉरेल बाळाला घेऊन आली. सव्वीस दिवस झाले होते. ट्रॅव्हिस त्या दिवशी लवकर किनाऱ्याला लागला होता, तो तिला धक्क्यावरून थेट एल्डनकडे घेऊन आला. मी भाजलेल्या बीन्सचं भांडं घेऊन तिथे आधीच पोहोचले होते.

लॉरेलने दारातच बाळ ट्रॅव्हिसच्या हाती दिलं. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. ती गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "ओपल."

ओपल टेबलाशी उभी होती. तिने आईकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती एल्डनच्या पायामागे गेली आणि त्याची विजार घट्ट धरून उभी राहिली.

"अगं, आई आलीय," एल्डन म्हणाला. "रोज विचारत होतीस ना?"

ती विचारत नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. लॉरेलने हात पुढे केले तसे ओपलने तोंड विजारीत लपवलं. "ग्रॅम्पी, उचल," ती म्हणाली. एल्डनने तिला उचललं नाही. त्याचे हात नुसते लोंबत राहिले. ती रडायला लागली तेव्हा त्याने लॉरेलकडे बघितलं, आणि लॉरेल म्हणाली, "उचला ना तिला."

ट्रॅव्हिस दमलेला होता. तो म्हणाला, "आपली पोर आहे. उचलून घरी नेऊ, दोन तास रडेल आणि गप्प होईल."

"नाही," लॉरेल म्हणाली. "तिने आपणहून माझ्याकडे यायला हवं. मी तिला ओढून नेणार नाही. आजची रात्र ती इथेच राहू दे."

ती बाळाला घेऊन घरी गेली. चालताना तिचा चेहरा कोरडा होता. मी बीन्सचं भांडं घेऊन तिच्यामागून गेले, कारण दुसरं काय करावं मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लॉरेल बाळाला घेऊन एल्डनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चुलीजवळच्या खुर्चीत. ओपलला हाक मारली नाही, खाऊ दाखवला नाही, बाळ बघ म्हणाली नाही. बाळाला पाजलं, बटाटे सोलले, एल्डनशी हवेबद्दल बोलली. संध्याकाळी उठून घरी गेली. ओपल दिवसभर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

एल्डन त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन उभाच राहिला. "मर्ना, मी तिला आईपासून तोडली," तो म्हणाला. "मी एवढं चांगलं करायला नको होतं."

"वाईट सांभाळली असतीस तर बरं झालं असतं का?"

"निदान तिने आईची वाट पाहिली असती."

हेच त्याने शनिवारी लॉरेललाही सांगितलं. मी तेव्हा टपाल द्यायला गेले होते. लॉरेल बाळाचे कपडे घडी घालत होती. ती म्हणाली, "ग्रॅम्पी, मी तिकडे रोज घाबरत होते की ती रडत असेल. ती रडत नव्हती ती तुमच्यामुळे. आता मला वाईट वाटतंय, पण तो माझा प्रश्न आहे. तुम्ही ते आपल्या अंगावर घेऊ नका."

तेवढ्यात ओपल आली. सरळ आईपुढे आली आणि तिच्या गुडघ्यावर मूठ मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा, जोरात. एल्डन तिला आवरायला पुढे झाला, पण लॉरेलने हाताने त्याला थांबवलं.

"रागावलीस?" तिने विचारलं.

ओपलने तिसऱ्यांदा मारलं.

"खूप दिवस लागले ना," लॉरेल म्हणाली. "मलाही खूप वाटले."

ओपल पुन्हा खोलीच्या टोकाला निघून गेली. लॉरेल माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण हसत होती. "मर्ना, परक्या माणसावर कुणी एवढं रागावतं का?" ती म्हणाली.

रविवारी ओपल टेबलाच्या जवळच्या बाजूला खेळली. बाळाचा एक मोजा तिने उचलून लपवला आणि कुणी विचारलं नाही तेव्हा आपणच आणून दिला.

सोमवारी दुपारी लॉरेलला खुर्चीतच डोळा लागला. बाळ एल्डनच्या हातात होतं. एव्हाना त्याला बादली आणि बाळ यांतला फरक कळू लागला होता. पुढचं त्यानेच मला नंतर तीन-चारदा सांगितलं. ओपल खुर्चीजवळ गेली. बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने एका बोटाने आईची पापणी वर केली आणि म्हणाली, "उठ."

लॉरेलने दुसरा डोळा उघडला.

ओपलने तिच्या पोटावर हात ठेवला, दाबून बघितलं. "बाळ नाही," ती म्हणाली.

"बाहेर आलं. ते बघ, ग्रॅम्पीकडे."

ओपलने तिकडे बघितलं नाही. ती खुर्चीच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून वर चढली, मांडीवर बसली, हालत-डुलत जागा केली आणि आईच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. लॉरेल पुढचा तासभर हलली नाही. एमेट भुकेने रडायला लागला तेव्हा एल्डनने त्याला घेऊन खोलीत सोळा फेऱ्या मारल्या, असं तो सांगायचा.

त्या संध्याकाळी ओपल घरी जायला तयार झाली, पण ग्रॅम्पीलाही यायचं असेल तरच. मग तोही गेला, तिची उशी काखेत घेऊन. रात्रीचं जेवण तिकडेच झालं, आणि पुढच्या रात्रीचंही. वसंतापर्यंत तो रोज जेवायला तिकडेच जात होता, आणि त्याच्या घरातली चूल फक्त सकाळच्या चहासाठी पेटायची. पुढच्या उन्हाळ्यात डल्स वाळवायच्या जागेवर मी त्या चौघांना पाहिलं: एमेट टोपलीत, ओपल आजोबाच्या मागे, आणि दोघी-तिघी बायका लॉरेलला विचारताहेत की दोन पोरं घेऊन कसं जमतं. ती म्हणत होती, "जमत नाही. करते."

त्यानंतरच्या वर्षी बेटाच्या दक्षिणेकडची एक मुलगी, शीला, बाळंतपणाला जायची होती. तिचा मुलगा दीड वर्षाचा. तो लॉरेलकडे राहिला. मग दुसरीचा, तिसरीचा. इतक्या वर्षांत असे किती झाले ते तिने मोजलेले नाहीत, मी मात्र पोस्टातून बघत होते, एकोणीस झाले. प्रत्येक आईला बोटीवर चढताना ती तेच सांगते: मुलाला सांगून जा, आणि परत आलीस की लगेच उचलायला धावू नकोस. खुर्ची घेऊन बस.

शीला परत आली तेव्हा तिचा मुलगा धावत जाऊन तिच्या गळ्यातच पडला. लॉरेल दारात उभी होती. ती शीलाला म्हणाली, "बघ, प्रत्येकाचं वेगळं असतं," आणि मुलाची पिशवी भरायला आत गेली.